त्यानं कुठे बसायचं

घरी पाण्यात बाळंत होण्यासाठीचा पूल दिवाणखान्यात मावतो. स्वयंपाकघरातल्या नळापासून पाइपही पुरतो. इथे इंग्लंडमध्ये घरच्या बाळंतपणाला सरकारी आरोग्यसेवेच्या सुईणी येतात, ऐन वेळी बहुधा दोघी. 2011 साली इथे प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात एक गोष्ट स्पष्ट दिसली: पहिलटकरणीच्या बाळाला घरी धोका थोडा जास्त, पण आधीचं बाळंतपण सुखरूप झालेल्या, तब्येतीची तक्रार नसलेल्या बाईच्या बाबतीत तसा फरक आढळला नाही. माझं हे दुसरं. म्हणून मन धजावलं.

काळजी आहे ती नवऱ्याची. रक्त पाहिलं की त्याला भोवळ येते. सुईणीनं सामानाच्या यादीतली बारीक जाळीची चाळणी कशासाठी, ते सांगितलं: कळा देताना पाण्यात शी होते, रक्ताच्या गाठी येतात, त्या काढायला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला, ओठांवर घाम आला. तरी उठून गेला नाही. हे मला फार मोलाचं वाटलं. ज्याला काहीच वाटत नाही त्याच्या धीराचं काय कौतुक?

चाळणी सुईणीकडे. त्यानं माझ्या उशाशी, पुलाबाहेर खुर्चीवर बसायचं, पाणी पाजायचं, थर्मामीटरवर लक्ष ठेवायचं. पाणी साडेसदतीस अंशांच्या वर जाता कामा नये. गरगरलं तर सरळ जमिनीवर बसायचं. नाळ कापायची नसेल तर नको. मी तसं त्याला सांगून टाकलंय.

दवाखान्याची पिशवी दाराशी भरून ठेवली आहे. बाळाचे ठोके बिघडले तर वाद न घालता निघायचं, हे दोघांनी मिळून ठरवलंय.