हवा कमी की गारवा कमी?

वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेस पडदे, चादरी आणि अस्तराच्या कापडाचे घाऊक दुकान असलेल्या एका शेठजींची मोटार 2009 सालची. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या नगरपालिका एकत्र येऊन महानगरपालिका झाली, तेही त्याच वर्षी. "गाडी आणि पालिका एका वयाच्या, दोघींकडून फार अपेक्षा ठेवू नये," असे ते दुकानात बसून म्हणत. मोटारीची पंधरा वर्षे भरली तेव्हा तपासणी करून, कर भरून, त्यांनी तिची नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. चिरंजिवांना हे पसंत नव्हते. पण इंजिन उत्तम होते, पत्रा शाबूत होता, आणि चालत्या वस्तूला केवळ वयासाठी मोडीत काढणे शेठजींच्या हिशेबात बसत नव्हते.

गेल्या वर्षी मात्र या मोटारीवर एक नवी जबाबदारी आली. त्यांच्या मातोश्री, वय वर्षे ब्याऐंशी, यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी बोरिवलीस न्यावे लागू लागले. विरारहून वातानुकूलित लोकल धावतात खऱ्या, पण जिना, फलाट आणि गर्दी हे तिन्ही त्या प्रकृतीला झेपणारे नव्हते. सकाळी पावणेअकराला निघायचे, वसई फाट्यावरून महामार्ग गाठायचा, खाडीवरचा वर्सोवा पूल ओलांडायचा, साडेबाराला यंत्रावर, साडेचारला मोकळे, आणि बांचा चौविहार असल्याने सूर्यास्ताच्या आत घरी. या वेळापत्रकात सैलपणा नव्हता. पुलाच्या अलीकडे वाहनांची रांग लागली की तेवढा पाऊण-एक तास मोटारीतच जाई.

त्या रांगेतच प्रथम लक्षात आले. एप्रिल संपत आला होता. मागच्या आसनावर बसलेल्या बा पदराने वारा घेत होत्या. पुढे बसलेल्या शेठजींना मात्र तितकेसे उकडत नव्हते. त्यांनी मागे वळून पाहिले तेव्हा बांचे ओठ कोरडे पडले होते आणि श्वास वरवर चालला होता. "काच उघड," एवढेच त्या म्हणाल्या. काच उघडली तर ट्रकचा धूर आत येऊ लागला.

पहिल्या गॅरेजने गॅस भरला. दुसऱ्याने कॉम्प्रेसर थकल्याचे निदान केले आणि बावीस हजारांचा अंदाज दिला. दोन्ही ठिकाणी तपासणी पाच मिनिटांची झाली, आणि दोन्ही ठिकाणी त्या पाच मिनिटांत एसी ठणठणीत चालला. पहिल्या गॅरेजमध्ये तर जाळीसमोर धरलेल्या तापमापकाने बरे आकडे दाखवले. तीन दिवसांनी पुलाजवळ पुन्हा तेच. चिरंजीव म्हणाले, "पप्पा, आता तरी विका. हप्ता मी भरतो." शेठजी गप्प राहिले. फसवणूक झाल्याची शंका मनात होती, पण पुरावा नव्हता. (गॅसविषयी एक समज व्यापारी घरांतही फार रूढ आहे, तो येथेच दूर केलेला बरा. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस म्हणजे फुटक्या घागरीत ओतलेले पाणी.)

अखेर एका ट्रान्सपोर्टवाल्याने वालीवच्या एका वृद्ध मिस्त्रींचे नाव सुचवले. पत्र्याची शेड, दोन बाक, भिंतीवर मल्टीमीटर टांगलेला. मिस्त्रींनी बॉनेटला हातही लावला नाही. त्यांनी विचारले, "शेठ, हवा कमी येते की गारवा कमी येतो?"

शेठजींना प्रश्नच कळला नाही. एसी कमी येतो, एवढेच त्यांना माहीत होते.

हा प्रश्न साधा दिसतो, पण निम्मे निदान त्यातच आहे. गारवा निर्माण करणे हे कॉम्प्रेसर, गॅस आणि रेडिएटरपुढच्या कंडेन्सरचे काम. तो गारवा माणसापर्यंत पोहोचवणे हे डॅशबोर्डमागील ब्लोअरचे, कूलिंग कॉइलचे आणि हवेच्या वाटांचे काम. जाळीतून जोरदार पण कोमट हवा येत असेल तर दोष पहिल्या घरातला. हवा बर्फासारखी गार पण मंद असेल तर दुसऱ्या घरातला. दोन्ही आजारांची तक्रार ग्राहक एकाच शब्दांत करतो आणि मग उपचार भलत्याच अवयवावर होतो. त्यातून अशा छोट्या जुन्या मोटारींत मागच्या आसनासाठी वेगळ्या जाळ्या नसतात. पुढच्या जाळीतून सुटलेल्या हवेच्या जोरावरच गारवा मागे पोहोचतो. जोर ओसरला की पुढच्याला फारसे जाणवत नाही आणि मागचा गुदमरतो. बांच्या बाबतीत नेमके हेच घडत होते.

"पाच मिनिटांत सापडणारा दोष असता तर आतापर्यंत सापडला असता," मिस्त्री म्हणाले. "चार फेऱ्या लिहून आणा. मग बघू."

लिहून आणणे हे शेठजींच्या हाडीमाशी खिळलेले काम. त्यांनी लाल कापडी बांधणीची एक लहान वही घेतली. स्वयंपाकघरातला तापमापक घेतला. हवेचा जोर मोजायला साधन नव्हते, तेव्हा दुकानातील तलम व्हॉइलची वीतभर पट्टी कापून मधल्या जाळीला बांधली. कापडाच्या व्यापाऱ्याला यापेक्षा योग्य साधन सुचले नसते. दर दहा मिनिटांनी वेळ, ठिकाण, तापमान आणि पट्टीची अवस्था अशी नोंद होऊ लागली. बांना यात मौज वाटली. "पट्टी आता पडली रे," असे त्याच मागून सांगू लागल्या.

चार फेऱ्यांची वही बोलकी होती. घरून निघताना पट्टी जवळजवळ आडवी तरंगे, तापमान नऊ अंश. वसई फाट्यापर्यंत फारसा फरक नाही. महामार्गावर काही वेळ गेल्यावर पट्टी तिरपी. पुलाजवळच्या रांगेत पोहोचेपर्यंत ती सरळ खाली लोंबे. आणि त्या वेळी तापमान? चार अंश. म्हणजे हवा येत नव्हती, पण येत होती तेवढी आधीपेक्षा अधिक गार होती. परतीच्या प्रवासात सुरुवातीला पुन्हा सारे उत्तम. चौथ्या फेरीच्या नोंदीत एक किरकोळ ओळ होती: रुग्णालयाच्या रखवालदाराने सांगितले, गाडीखाली पाणी फार गळते, रेडिएटर दाखवा. शेठजींनी रेडिएटर पाहिला होता. तो काठोकाठ भरलेला होता.

मिस्त्रींनी वही दोनदा वाचली आणि त्या किरकोळ ओळीवर बोट ठेवले. मोटार थांबल्यावर थोडे पाणी टपकणे स्वाभाविकच. हवेतील दमटपणा गार कॉइलवर दवासारखा जमतो आणि नळीवाटे खाली जातो. वसईच्या खाऱ्या, ओलसर हवेत तर तो अधिकच. पण धार लागावी इतके पाणी एकदम कोठून आले? ते बर्फाचे होते. वाटेत कॉइलवर बर्फ साचत होता, हवेची वाट बुजत होती, आणि उन्हात उभ्या राहिलेल्या मोटारीत तो वितळून जात होता. म्हणून परतताना सारे सुरळीत, म्हणून गॅरेजमध्येही सारे सुरळीत.

शेठजींचा आक्षेप असा की, मग हे रांगेतच का होते? मिस्त्री हसले. बर्फ रांगेत साचत नव्हता. इंजिन मंद फिरत असताना कॉम्प्रेसरही मंद चालतो. तेव्हा कॉइल उलट कमी गार होते. बर्फ साचत होता तो मोकळ्या महामार्गावर, इंजिन वेगात असताना. रांगेत तो केवळ कळत होता, कारण तेव्हा ऊन स्थिर, काचा बंद आणि लक्ष द्यायला सवड. पैसा जेथे कमी भरतो तेथेच तो हरवला असे नव्हे, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही; तरी मोटारीच्या बाबतीत शेठजी महिनाभर पुलालाच दोष देत होते.

खात्रीसाठी एक परीक्षा उरली होती. रविवारी शेठजी आणि चिरंजीव दोघेच, बांना घरी ठेवून, महामार्गावर गेले. पट्टी लोंबल्यावर मोटार कडेच्या पेट्रोल पंपावर उभी केली, एसीचे बटण बंद केले, पण पंखा पूर्ण जोरात चालूच ठेवला. इंजिनही चालू. सहा मिनिटे काही झाले नाही. चिरंजीव घड्याळ पाहू लागले. आठव्या मिनिटाला पट्टीचे टोक हलले, बाराव्याला ती पुन्हा आडवी झाली, आणि खाली पाण्याचे थारोळे. नवी मोटार घेण्याचा विषय त्या दिवशी चिरंजिवांनी काढला नाही.

पण बर्फ का साचत होता, हा प्रश्न उरतोच. कॉइलच्या पातळ पत्र्यांत एक बारीक सेन्सर खोचलेला असतो. कॉइल शून्याच्या जवळ गेली की तो कॉम्प्रेसर थोडा वेळ थांबवतो. तो बिघडला किंवा जागचा हलला, किंवा कॉइलवरून पुरेशी हवाच गेली नाही, की पाणी गोठते. आणि एकदा गोठू लागले की हवा आणखी घटते. मिस्त्रींनी डाव्या बाजूचा कप्पा काढला, ब्लोअर खाली उतरवला आणि त्या भगदाडातून बॅटरीचा प्रकाश आत टाकला. मग शेठजींना वाकून पाहायला सांगितले.

कॉइल दिसतच नव्हती. तिच्यावर नमद्यासारखा एक जाड, ओलसर थर बसला होता. चिमट्याने ओढल्यावर तो कांबळ्याच्या तुकड्यासारखा अखंड निघू लागला. करडा, पण नीट पाहिले तर त्यात निळे, तांबडे, पिवळे धागे. शेठजींनी तो बोटांत चुरला आणि त्यांना ओळखायला क्षणही लागला नाही. ती कापडाची लव होती. सोळा वर्षे याच मोटारीच्या मागच्या आसनावर भिवंडीहून तागे येत होते. कामण-चिंचोटीचा तो रस्ता धुळीचा, म्हणून काचा बंद आणि आतलीच हवा फिरवण्याचे बटण सदैव दाबलेले. ताग्यांवरून सुटलेली लव दर फेरीला ब्लोअर ओढून घेत होता आणि कॉइलवर थापत होता. अलीकडच्या मोटारींत वाटेत केबिन फिल्टर असतो. त्या काळच्या अनेक छोट्या मोटारींत तो नसेच. सेन्सर जागचा निसटून त्या लवेतच गुंडाळला गेला होता. कॉइल गोठत असताना तो उबेत होता.

पहिल्या गॅरेजने फसवले नव्हते, एवढे शेठजींना तेथे उभे असतानाच कळले. कमी पाहिले होते, इतकेच. त्यांनी नंतर तसे त्या माणसाला जाऊन सांगितले की नाही, हे ठाऊक नाही. सांगायला हवे होते.

सफाईला अर्धा दिवस गेला. मऊ ब्रश, साबणाचे सौम्य पाणी, थोडे थोडे. जोराचा फवारा मारला तर कॉइलचे पातळ पत्रे दुमडतात आणि वाट पुन्हा बंद होते. गॅसच्या नळ्यांना हात लावावा लागला नाही. पाणी जाण्याची नळीही लवेने तुंबत आली होती, ती तारेने मोकळी केली. सेन्सर पुन्हा पत्र्यांत खोचला. शेवटी ब्लोअरच्या तारांना मल्टीमीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदा व्होल्ट, ब्लोअरपाशी मात्र अकराही नाहीत. अर्थिंगच्या बोल्टवर खाऱ्या हवेने हिरवा थर चढवला होता. तो घासून घट्ट केल्यावर पंख्याचा आवाजच बदलला. मोठा दोष सापडल्यावर हात झटकून मोकळे न होणारा कारागीर अलीकडे दुर्मिळ झाला आहे.

बिल झाले अठराशे रुपये. शेठजींनी दोन हजार पुढे केले, मिस्त्रींनी दोनशे परत दिले.

लवेचा तो गठ्ठा शेठजींनी कागदात बांधून घरी नेला. का, ते त्यांनाही सांगता आले नसते. बांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला. दुकानाच्या पहिल्या दिवसांत तागे मोजायला त्याही बसत. त्यांनी एक निळा धागा वेगळा काढला, चष्म्याजवळ नेला आणि म्हणाल्या, "हा आपल्या शाळेच्या गणवेशाच्या कापडाचा. ते काम तर कधीच बंद झाले." मग थोड्या वेळाने, "मागे बसून मी हेच ओढत होते का रे?"

शेठजींनी उत्तर दिले नाही. त्या महिन्यापासून तागे टेम्पोने येऊ लागले. भाडे वाढले.

रात्री वहीत नोंद करताना त्यांचा हात जरा थांबला. अठराशेची रक्कम घरखर्चाच्या खात्यात, वाहन दुरुस्तीखाली, लिहून झाली होती. त्यांनी ती एका सरळ रेघेने खोडली, शेजारी सही केली आणि दुकानाच्या खाती नावे टाकली.

मंगळवारी पुलाजवळ रांग नेहमीसारखीच होती. पट्टी आडवी होती. बांनी मागून आवाज दिला, पंखा एक घर कमी कर, पायांना गार लागते.