सुपीरिअरच्या काठाने

डुलुथ सोडले की महामार्ग ६१ सुपीरिअर सरोवराच्या कडेने ईशान्येस निघतो. उन्हाळ्यात येथे ट्रेलरच्या चौकटींवर कयाक बांधलेल्या दिसतात. पोटावरून दोन पट्टे, टोकांना निराळी दोरी. कारण सरोवरावरचा वारा आडवा येतो. पट्टा फार आवळला तर उन्हात प्लास्टिक दबते. सैल राहिला तर नाव मागच्या गाडीवर.

मिनेसोटाचा कायदा मात्र त्याआधीचे सांगतो: नाव काठावरच निथळावी. डुलुथच्या बंदरात १९८९ साली आढळलेल्या झेब्रा शिंपल्यांची सूक्ष्म पिल्ले साचल्या पाण्यातून दुसऱ्या तळ्यात पोहोचतात, तेथल्या जिवांचे अन्न हिरावतात. जिवाणी मूळ विहिरीतच सोडणाऱ्या श्रावकास हा नियम परका नाही. नाव उपडी होते, स्पंज पिळला जातो, मगच पट्टे कसले जातात.