एकूण साइट्स किती?

९ जून २०२५, सोमवार

फायनान्सची मेल. शेअरपॉइंटची जागा संपत आली आहे. जादा जागा विकत घेण्याआधी कंपनीत एकूण साइट्स किती आणि कोणाच्या, ते कळवा. मागणी रास्त आहे. मूळ कोटा १ टीबी, वर दर लायसन्समागे १० जीबी. भोसरीच्या कारखान्यात रोज ड्रॉइंग्ज आणि तपासणीचे व्हिडिओ चढतात, तिथे हा कोटा किती दिवस पुरणार?

ॲडमिन सेंटरमधून यादी उतरवता येते, पण फायनान्सवाले एकदा मागून थांबत नाहीत. म्हणून स्क्रिप्टच. पॉवरशेलमध्ये कनेक्ट-एसपीओसर्व्हिसने ॲडमिनच्या पत्त्यावर लॉगिन करायचं आणि गेट-एसपीओसाइट चालवायची. ज्युनियरने चालवली आणि खुशीत म्हणाला, "सर, बरोबर दोनशे."

इतका गोल आकडा आला की मला शंका येते. नुसती चालवली तर ही कमांड २०० साइट्सवर थांबते. सगळ्या हव्यात तर 'लिमिट ऑल' जोडावं लागतं. तशी सूचनाही खाली पिवळ्या अक्षरांत येते. पिवळं कोण वाचतं! जोडल्यावर यादी हजाराच्या पुढे गेली.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. फायनान्समधल्या बऱ्याच जणी रजेवर, त्यामुळे फोन नाही.

सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली तर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. 'गणेशोत्सव', 'कँटीन समिती', 'सुरक्षा सप्ताह', सगळी एकसारखीच दिसायला लागली. पॉवरशेल ५.१ मधली एक्सपोर्ट-सीएसव्ही न सांगता आस्कीत लिहिते, आणि आस्कीत देवनागरीला जागाच नाही. एन्कोडिंग यूटीएफ-८ दिलं की नावं परत येतात. पॉवरशेल ७ मुळातच यूटीएफ-८ मध्ये लिहितं, पण फाइलच्या सुरुवातीची बॉम नावाची खूण टाकत नाही. ती नसली की एक्सेल गोंधळू शकतं, म्हणून तिथे 'यूटीएफ-८ बॉम' असं मुद्दाम सांगायचं. ज्युनियरला हे वहीत लिहून घ्यायला लावलं.

१२ जून, गुरुवार

आज दिवसभर टेम्प्लेटचा रकाना. सगळ्या यादीत मला हाच बोलका वाटतो.

'ग्रुप#०' सर्वांत जास्त. कोणी टीम्समध्ये नवी टीम काढली की तिच्यामागे एक साइट आपोआप उभी राहते. काढणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. २०२० च्या टाळेबंदीत प्रत्येक खात्याने, प्रत्येक शिफ्टने, प्रत्येक वाढदिवसाने टीम काढली होती. त्या सगळ्या इथे आहेत. खाली 'टीमचॅनेल': टीममधला प्रत्येक प्रायव्हेट किंवा शेअर्ड चॅनेल स्वतःची वेगळी साइट घेऊन बसतो. 'साइटपेजपब्लिशिंग' म्हणजे एचआरच्या घोषणांची पानं. आणि 'रिडायरेक्टसाइट' म्हणजे नुसती पाटी. साइटचा पत्ता बदलला की जुन्या पत्त्यावर ती उरते, आत काही नसतं. मोजली मात्र जाते.

ओळींची संख्या म्हणजे साइट्सची संख्या, असं धरलं तर या पाट्याही फायनान्सच्या खर्चात धरल्या जातील. त्या गाळल्या.

वनड्राइव्ह या यादीत येत नाहीत. 'इन्क्लूड पर्सनल साइट' म्हटलं तरच येतात. मी म्हटलं नाही. वनड्राइव्हची जागा वेगळी मोजतात, शेअरपॉइंटच्या कोट्यातून जात नाही. उद्या ऑडिटवाले विचारतील तेव्हा त्याही घालू. उपसाइट्सही दिसत नाहीत, कारण कमांड फक्त वरची साइट मोजते. पण उपसाइटची जागा मूळ साइटच्या आकड्यात धरलेली असते, म्हणून या कामापुरतं तेही चालतं.

१६ जून, सोमवार

मालकाचा रकाना. निम्म्याहून जास्त ठिकाणी नाव नाही, आकडे-अक्षरांची लांबलचक माळ आणि शेवटी अंडरस्कोर ओ. म्हणजे मालक माणूस नसून ग्रुपचे सगळे ओनर. ते कोण, हे ग्रुपकडे वेगळं विचारावं लागतं. विचारलं. काही ग्रुपांचे सगळे ओनर नोकरी सोडून गेलेत. सभासद आहेत, फायली आहेत, विचारायला कोणी नाही.

ज्युनियर म्हणाला, सगळ्या साइट्सवर आपल्यालाच ॲडमिन करून टाकू, आत काय आहे ते दिसेल. करता येतं, एका लूपचं काम. शेअरपॉइंट ॲडमिनला यादी दिसते, आतल्या फायली आपोआप दिसत नाहीत. ही रचना मला शहाणपणाची वाटते. पगारपत्रकांची साइटही याच यादीत आहे. नाही म्हणून सांगितलं. खात्याच्या प्रमुखाला विचारायचं, तो म्हणेल त्याला ओनर करायचं. वेळ जाईल, जाऊ दे.

२० जून, शुक्रवार

पालख्या शहरात, रस्ते बंद, घरून काम.

यादी जागेनुसार उतरत्या क्रमाने लावली. आकडे एमबीत येतात, ते फायनान्ससाठी जीबीत केले. मग चित्र स्वच्छ झालं. शेकडो साइट्स रिकाम्यासारख्या, आणि वरच्या मोजक्या डिझाइन व तपासणीच्या साइट्सनी बहुतेक जागा धरलेली. डिझाइनच्या लायब्ररीत एकेका ड्रॉइंगच्या ५०० पर्यंत जुन्या आवृत्त्या राहतात, आणि प्रत्येक आवृत्ती जागेत मोजली जाते. गणेशोत्सवाची साइट काढून काय वाचणार? दोन-चार फोटो.

तरी रिकाम्यांपैकी ज्यांना कोणीच ओळख दाखवली नाही त्या काढायला घेतल्या. काढलेली साइट ९३ दिवस रिसायकल बिनमध्ये राहते, गेट-एसपीओडिलिटेडसाइटने दिसते. कोणी ओरडलंच तर परत आणू.

फायनान्सला फाइल पाठवली: नाव, प्रकार, मालक, जीबी. तासाभरात फोन. "पण एकूण किती?" त्यांना म्हटलं, सोमवारी डिझाइनच्या साहेबांबरोबर बसतोय, ५०० आवृत्त्यांपैकी किती ठेवायच्या ते ठरेपर्यंत खरेदी थांबवा.