साखरेचे ऋतुमान

बारसे, मुंज, डोहाळजेवण, वाढदिवस, साठीशांत, नोकरीतून निवृत्त होणाऱ्याचा निरोपसमारंभ अशा प्रसंगांसाठी, ज्याच्या घरचे कार्य त्याच्या फर्माईशीबरहुकूम, साखरेच्या नक्षीची बिस्किटे घरच्या घरी करून देणे हा माझा उद्योग आहे. आजची मुले त्यांना कुकीज म्हणतात आणि आता मीही तसेच म्हणते. या कामात मैदा, लोणी, साखर आणि रंग एवढेच जिन्नस डोळ्यांना दिसत असल्यामुळे सारे यश हाताच्या सफाईत आणि रंगांच्या निवडीत असावे, असे पाहणाऱ्याला वाटते. परंतु आयुष्याचा मोठा भाग या कामात घालवल्यावर माझी अशी ठाम धारणा झाली आहे, की ज्याच्यावर खरे प्रभुत्व मिळवायचे ते द्रव्य पाणी होय. साखरेत ते किती घालावे, किती वेळात उडून जाऊ द्यावे, आणि एकदा उडून गेलेले हवेतून पुन्हा परत येऊ नये म्हणून कोणती तजवीज करावी, एवढ्या तीन प्रश्नांत ही विद्या सामावलेली आहे, आणि त्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे भोपाळमध्ये दर ऋतूला बदलतात.

तलावांचे शहर अशी भोपाळची ख्याती असली आणि राजा भोजाच्या नावाशी जोडलेला मोठा तलाव शहराच्या पश्चिमेला दूरवर पसरलेला असला, तरी समुद्रापासून इतक्या अंतरावर, माळव्याच्या पठारावर सुमारे पाचशे मीटर उंचीवर वसलेले हे गाव वर्षातले आठ महिने कोरड्या हवेचे आहे. मार्गशीर्ष-पौषात पहाटे बोटे गारठतात आणि ओले कापड सावलीतही लवकर वाळते. वैशाखात दुपारचा पारा चाळीस अंशांच्या पलीकडे जातो आणि लोणी ओट्यावर ठेवल्याठेवल्या वितळू लागते. आणि मृग लागला की वर्षभराचा जो सुमारे अकराशे मिलिमीटर पाऊस या शहराच्या वाट्याला येतो, त्यातला बहुतेक सारा पुढच्या चार महिन्यांत कोसळून घरातली प्रत्येक भिंत, प्रत्येक डबा आणि साखरेचा प्रत्येक कण ओलसर करून सोडतो.

हवेकडे असे पाहायला मला कुकीजनी शिकवले नाही. ते शिक्षण त्याच्या फार आधी, सासूबाईंच्या शेगडीपाशी, हलव्याने दिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्यप्रदेशाची राजधानी म्हणून भोपाळ मुक्रर झाले, तेव्हा जुन्या मध्यप्रांताची दप्तरे नागपूरहून इकडे हलली, आणि त्या दप्तरांच्या पाठोपाठ कारकुनांची, हिशेबनिसांची, शिक्षकांची कितीतरी मराठी बिऱ्हाडेही आली. ग्वाल्हेर-इंदूरकडची त्यांना येऊन मिळाली आणि हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना उभा राहिल्यावर आणखी भर पडली. तात्या टोप्यांचे नाव दिलेल्या नव्या वसाहतीतील सरकारी क्वार्टरांत संक्रांतीच्या सुमारास काटेरी हलवा फुलवण्याचा जो परिपाठ सुरू झाला, त्यात माझ्या सासूबाई अग्रभागी होत्या, आणि नवी सून म्हणून त्यांच्या हाताखाली बसण्याचे भाग्य मला लाभले.

हलवा ज्यांनी केलेला नाही त्यांना त्याची कृती ऐकून सोपी वाटेल. खसखस, तीळ, साबुदाणा, टरबुजाच्या बिया, लवंगा असे लहानमोठे दाणे निवडून घ्यायचे. साखरेचा पाक दुधाचा शिपका देऊन उकळायचा आणि वर आलेली मळी काढून तो स्वच्छ करायचा. मग मंद निखाऱ्यावर परात ठेवून तीत दाणे घालायचे, आणि चमचा-चमचा पाक सोडत बोटांच्या पेरांनी ते अखंड फिरवत राहायचे. एका चमच्याचा पाक दाण्यावर वाळून पांढरा झाल्याखेरीज दुसरा चमचा सोडायचा नाही, आणि हे सारे काही दिवस, दररोज काही तास चालवायचे. परात जरा अधिक तापली तर दाणे पिवळे पडतात, पाक जरा अधिक पडला तर ते एकमेकांना चिकटतात, आणि हवा दमट असली तर बाकी सारे बिनचूक होऊनही दाणा गुळगुळीत राहतो, त्याला काटा येत नाही. काटा म्हणजे वाळत्या पाकातून बाहेर आलेली साखर. पाणी झपाट्याने उडाले तरच ती अशी टोके धरून उभी राहते. म्हणूनच सासूबाई आभाळ आलेल्या दिवशी परात चुलीवर चढवीतच नसत, आणि शेजारणींनी कितीही तगादा लावला तरी वारा फिरेपर्यंत थांबत. या दाण्यांचे पुढे तन्मणी, बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी होई. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर ते चढत, आणि बोरन्हाणाला बसवलेल्या तान्ह्याच्या डोक्यावर मुकुट आणि हातात हलव्याची बासरी येई. अमक्या घरची सून, तमक्या घरचे बाळ, मनगट केवढे, गळा केवढा, याची मापे दोऱ्याने घेऊन त्यावर चिठ्ठी बांधलेली असे. फर्माईशीवर काम करणे म्हणजे काय, याचा धडा मला त्या दोऱ्यांच्या गुंडाळ्यांनी दिला.

पुढे मुले मोठी होत असताना मी भट्टीचे काम शिकले, आणि पहिल्यांदा बिस्किटावर पांढऱ्या साखरेची रेघ ओढली, तेव्हा ओळखीच्याच प्रांताच्या दुसऱ्या टोकाला आपण आलो आहोत असे मला जाणवले. हलव्यात साखर पूर्ण विरघळवून मग तिला मोठे स्फटिक धरू द्यायचे असतात. आयसिंगमध्ये ती आधीच पिठासारखी दळलेली असते, पाणी इतके थोडे असते की तिच्यातला लहानसा अंशच विरघळतो, आणि सारी खटपट एवढ्यासाठीच असते की वाळताना एकही स्फटिक जिभेला किंवा डोळ्याला कळण्याइतका मोठा होऊ नये.

बिस्किटाविषयी फार सांगण्यासारखे नाही, पण जे आहे ते महत्त्वाचे आहे. एक भाग पिठीसाखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा, हे जुने प्रमाण वजनाने पाळले आणि फुगवणारे कोणतेही द्रव्य त्यात घातले नाही, तर साच्याने कापलेली आकृती भट्टीतून निघतानाही धारदार कडांची राहते. पीठ सुमारे अर्धा सेंटिमीटर जाड लाटावे, कापलेले तुकडे घट्ट गार करावेत आणि १७० अंशांवर कडा जेमतेम बदामी होईपर्यंतच भाजावेत. वैशाख-ज्येष्ठात हे काम सूर्योदयापूर्वी उरकण्याचा माझा शिरस्ता आहे. वेलची, जायफळ किंवा केशर यांपैकी एकाचा वास मी पिठातच देते, कारण नुसत्या गोडाला चव म्हणता येत नाही, आणि जे खाताना आनंद देत नाही त्यावर कितीही सुंदर नक्षी काढली तरी ती नक्षी मला अप्रामाणिक वाटते.

आयसिंगला धरून ठेवणारे द्रव्य परंपरेने अंड्याचा पांढरा बलक होय. माझ्याकडे येणाऱ्या घरांपैकी पुष्कळशा घरांत देवाच्या कार्यासाठी अंडे चालत नाही, आणि तो त्यांचा आग्रह मला पूर्णपणे मान्य असल्यामुळे बरीच वर्षे मी दूध आणि पिठीसाखर यांवरच भागवीत असे. ते लेपन मऊ राही, त्यावर बारीक रेघ उठून दिसत नसे. २०१५ च्या सुमारास परदेशातील शाकाहारी पाककर्त्यांनी काबुली चण्याचे शिजवलेले पाणी फेसून बलकाच्या जागी वापरण्याची युक्ती लोकांपुढे आणली. पुरणाच्या डाळीचा कट आमटीसाठी जपून ठेवणाऱ्या आमच्या स्वयंपाकघराला चण्याच्या पाण्यात सत्त्व असते हे नव्याने पटवून द्यावे लागले नाही. ते पाणी आटवून दाट करावे, भांड्याला तुपातेलाचा लवलेशही नसावा, कारण स्निग्धतेच्या एका थेंबाने फेस बसतो, आणि लिंबाचे चार थेंब घातले म्हणजे तो टिकतो.

यानंतर जे येते त्यात मी आजही सर्वाधिक वेळ घालवते. कडेची रेघ ओढण्यासाठी आयसिंग असे घट्ट हवे की कोनातून निघालेला धागा हवेत उचलून धरता यावा; आतली जागा भरण्यासाठी त्याच आयसिंगमध्ये थेंबाथेंबाने पाणी मिसळून ते इतके सैल करावे लागते, की वाटीत सुरीने पाडलेली फट दहा ते पंधरा सेकंदांत आपोआप मिटावी. फट लवकर मिटली तर लेप कडेवरून ओघळतो, उशिरा मिटली तर पृष्ठभागावर उंचवटे राहतात. कोन मी मेंदीवाल्यांच्या पद्धतीनेच गुंडाळते. भरलेला लेप जितका लवकर वाळेल तितकी त्याला चकाकी अधिक. रेंगाळला तर लहान जागांमध्ये तो मध्येच खचून खड्डा पडतो, आणि गडद रंग शेजारच्या पांढऱ्यात शिरतो. म्हणून हिवाळ्यात मी खिडक्या उघड्या ठेवते, उन्हाळ्यात पंख्याचा झोत आडवा लावते, आणि पावसाळ्यात खोली बंद करून हवेतली ओल शोषणारे यंत्र रात्रभर चालवते, लाल रंग भरल्यावर एक रात्र जाऊ दिल्याशिवाय त्याच्या शेजारी पांढरा भरत नाही, आणि श्रावणातल्या मंगळागौरीसाठी कोणी घाईची मुदत घेऊन आले तर काम स्पष्टपणे नाकारते. मागणी नाकारण्याचे दुःख होते, पण चिकट, पाझरलेली कुकी कोणाच्या मंगलकार्यात जाण्याचे दुःख त्याहून मोठे आहे.

नक्षीच्या बाबतीत भोपाळने मला जे दिले त्याचे ऋण मी मोकळेपणाने मान्य करते. १८१९ पासून १९२६ पर्यंत, मधला अल्प काळ वगळता, या संस्थानावर बेगमांनी राज्य केले, आणि त्यांच्या अमदानीत येथे जरदोजीला आणि मण्या-जरीच्या बटव्यांना जो आश्रय मिळाला, त्यावर वाढलेल्या कारागिरांचे वंशज आजही जुन्या शहरातील गल्ल्यांत कारचोबावर वाकून बसलेले दिसतात. चौक बाजाराच्या बाजूच्या एका घरून लग्नासाठी बटव्याच्या आकाराच्या कुकीजची मागणी आली, तेव्हा त्या घरातील वयोवृद्ध कारागिरांनी मला आपल्या शेजारी बसवून घेतले आणि सलमा, सितारा, दबका यांची कामगत दाखवली. उठाव हवा असेल तेथे ते आधी खाली सुताचा भराव देतात आणि मग त्यावर तारेचे वेटोळे टाके घालून बसवतात, हे मी तेथे पाहिले. तेव्हापासून मीही फुलाच्या पाकळीखाली आधी जाड आयसिंगचा भराव देते, तो वाळू देते, आणि नंतर त्यावर तिरप्या, एकमेकींना खेटलेल्या बारीक रेघा ओढते. छाया आपोआप पडते. तिच्यासाठी दुसरा रंग लागत नाही. दोन-तीन रंगांत सारे काम आटोपण्याची सवय मला त्या कारागिरांच्या संगतीने लागली. शिवाय अन्नात घालता येतील असे कृत्रिम रंग आपल्या कायद्याने आठच मंजूर केलेले आहेत, आणि तेही मर्यादेत. मुलांच्या पोटात जाणाऱ्या पदार्थासाठी मला ही मर्यादा योग्यच वाटते. हळदीचा पिवळा उन्हात फिकट होतो आणि बिटाचा गुलाबी काही दिवसांनी काळवंडतो, हे गिऱ्हाइकाला आधी सांगून ते रंगही मी आवडीने वापरते.

फर्माईश लिहून घेताना मी आकार आणि संख्या शेवटी विचारते. आधी विचारते ते माणसाविषयी. हेवी इलेक्ट्रिकल्समधून निवृत्त होणाऱ्या एका गृहस्थांसाठी त्यांच्या मुलीने कारखान्याचे चित्र मागितले होते. बोलता बोलता कळले की वडील रोज पहाटे क्वार्टरच्या अंगणातल्या मोगऱ्याला पाणी घालून मगच पाळीवर निघत. मी मोगराच काढला, पांढऱ्यावर पांढरा. अशा कामाला मला दुप्पट वेळ लागतो आणि दाम तेवढेच मिळते, तरी माझ्या हातून झालेल्या कामांत तेच मला सर्वांत समाधानकारक वाटते.

अलीकडे खाण्याजोग्या कागदावर छायाचित्र छापून ते कुकीवर चिकटवण्याची सोय झाली आहे. ती स्वस्त आहे, जलद आहे, आणि पुष्कळ घरांना तेवढीच पुरते, हे मी जाणते. परंतु माझ्या घरी मी ती करीत नाही. छापील चेहरा हुबेहूब असतो, पण तो काढताना त्या माणसाचा विचार कोणीही केलेला नसतो, आणि लोक माझ्याकडे येतात ते तेवढ्या विचारासाठीच, अशी माझी श्रद्धा आहे.

सध्या पौषातल्या बोरन्हाणांची यादी माझ्यासमोर आहे. दोन वर्षांपासून मी चंद्रकळेच्या घडीच्या आकाराच्या कुकीज करते. काळा रंग ओतून काळे केलेले आयसिंग कडवट लागते आणि मुलांच्या जिभा काळ्या करते, म्हणून त्याला आधी कोकोने गडद तपकिरी करून घेते, मग चिमूटभर काळा रंग पुरतो. लेप रात्रभर वाळला की त्यावर आयसिंगच्या टिपक्याने एकेक हलव्याचा दाणा बसवते, खसखशीचे बारीक दाणे काठाला आणि तिळाचे मोठे पदराला. दाणे अर्थातच घरचे. त्यासाठी परात या आठवड्यात चढवायला हवी. गेले दोन दिवस उत्तरेचा कोरडा वारा सुटला आहे आणि आभाळ निवळ आहे.