डाग

चिंचलीच्या मायाक्काची यात्रा माघी पौर्णिमेला भरते; आमचे कन्नड शेजारी त्या पौर्णिमेला भारत हुण्णिमे म्हणतात. तिथल्या जनावरांच्या बाजारात भाषा कुणाला आडवी येत नाही, कारण भाव रुमालाखाली बोटांनीच ठरतो. पण रुमाल पडण्याआधी दलालाची नजर फिरते ती रंगावरून.

खिलार म्हणजे पांढराशुभ्र, असं गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसलंय. वासराच्या माथ्यावर जन्मतः तांबूस झाक असते, ती काही महिन्यांत जाते. खोंड वयात आला की मानेवर करडी छटा चढते. एवढं चालतं. डाग मात्र चालत नाही.

आमच्या एकाच गाईचे, एकाच वळूचे दोन खोंड. धाकट्याच्या बरगडीवर तळहाताएवढा काळा डाग. कुळवाला जुंपला तर धाकटाच उजवा. दलाल म्हणाला, "तात्या, अंगानं झ्याक हाय, पन डाग हाय न्हवं?" आणि थोरल्याच्या निम्मा भाव सांगितला. ट्रॅक्टर आल्यापासून ओढ कोण बघतो म्हणा!

आता दादा म्हणतो, गाय त्या दुसऱ्या वळूला दाखवू. त्याची वासरं दुधासारखी निघतात. पण शेजारच्या चार गावांतल्या गाईही त्याच्याकडेच जातात. उद्या त्याच्याच लेकी त्याच्याच लेकांना दाखवायच्या काय? रक्त जवळ आलं की वासरं खुरटतात, गाई उलटतात. तो तोटा पांढऱ्या कातड्यावर दिसत नाही.

अमेरिकेत १९७८ पासून अँगसच्या नावाने मांसाला एक शिक्का मिळतो. त्यासाठी जनावर अंगानं काळं लागतं. मग तिकडच्या लाल-पिवळ्या जातीही पैदाशीतून काळ्या होत गेल्या. इकडे पांढरं, तिकडे काळं. आणि लातूर-बीदरच्या सीमेवर देवणीत पांढरा बालंक्या, काळ्या तोंडाचा वानेरा, ठिपक्यांचा शेवेरा, तिन्ही जातिवंत! आमच्या खोंडाचा डाग तिथे कुळाची खूण ठरला असता.

हे सारं मी दादाला ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "खरं आहे. पण पोरीच्या कॉलेजची फी थोरल्याच्या पैशातनं गेली." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

धाकटा विकला नाही. घरच्या कुळवाला आहे. गाय माजावर यायला अजून अवकाश आहे. वहिनी म्हणतात, पलीकडच्या गल्लीतल्या साध्या वळूची वासरं काटक असतात, तोच बघा. दादा अजून हो म्हणालेला नाही.