घाट ओळखणारा वाटाड्या

पनवेलजवळच्या कळंबोलीला पहाटे चार वाजताच जाग आलेली असते. पोलाद बाजाराच्या गल्ल्यांतून सळ्या आणि पत्र्याच्या कॉइल लादलेले ट्रक हळूहळू बाहेर पडू लागतात. न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघालेले ट्रेलर त्यांच्यात मिसळतात. टपरीवर चहा उकळत असतो. किन्नर पान्याने टायर ठोकून हवेचा अंदाज घेतो आणि चालक केबिनच्या काचेजवळ लावलेल्या फोनवर मुक्कामाचे गाव शोधतो. पुणे, सांगली, कोल्हापूर, हुबळी, बंगळूर.

कळंबोलीच्या चौकात रस्त्यांना फाटे फुटतात. एक मुंबईकडे, एक मुंब्र्यावरून ठाण्याकडे, एक बंदराकडे, एक गोव्याच्या दिशेने. पुण्याकडे जायला तर दोन वाटा : जुना महामार्ग आणि २००२ साली पूर्णपणे खुला झालेला सुमारे ९५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग. पूर्वी नवखा चालक इथे खिडकीतून मान बाहेर काढून विचारायचा, ‘भाऊ, घाटाकडे कुठला?’ आता फोनमधील बाई सांगते, ‘पुढे डावीकडे वळा.’ सांगणे ऐकायला सोपे आहे. पण वीस-पंचवीस टनांचे ओझे घेऊन डावीकडे वळल्यावर पुढे काय आहे, हे तिला ठाऊक असते का?

शिंग्रोबाची वाट

पनवेल मागे पडले की उजाडू लागते. पूर्वेला सह्याद्रीची भिंत स्पष्ट होते आणि तिच्या पायथ्याशी खोपोली लागते. नाना फडणविसांनी बांधलेले तळे आणि वीरेश्वराचे देऊळ या गावात आहे. १९१५ साली सुरू झालेले टाटांचे जलविद्युत केंद्रही इथलेच. डोंगरावरून खाली उतरणारे त्याचे जाड नळ पाहिले की समोरचा चढ किती उभा आहे याची कल्पना येते. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही उंच नाही. खंडाळा-लोणावळा सहाशे मीटरच्या आसपास. मधली सारी उंची थोड्याशा अंतरात चढायची, तोच बोरघाट.

१८३० साली, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, या घाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८६३ साली आगगाडी घाट चढली. त्या लोहमार्गाशी एक कथा जोडलेली आहे. इंग्रज अभियंत्यांना डोंगरातून मार्ग सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपली मेंढरे ज्या वाटेने जात ती वाट त्यांना दाखवली. बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि साहेबांनी त्याला गोळी घातली, असे लोक सांगतात. कथेचा पुरावा कोणी मागत नाही. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे आणि जाता-येता वाहनचालक तिथे नाणे वाहतात. आपल्या वाटाड्याला दिलेला तो मान आहे.

शिंग्रोबाला घाट पाठ होता, कारण त्याच्या मेंढरांचे पाय तिथे रोज पडत होते. कुठली वाट कळपाला पेलेल हे तो जाणत होता. आजच्या यंत्राकडूनही ट्रकचालकाला नेमके हेच हवे असते.

यंत्र गाडी ओळखते का?

फोनमधील नेहमीचा नकाशा मोटार किंवा मोटारसायकल डोळ्यांसमोर ठेवून रस्ता काढतो. लहान गाडी चुकीच्या गल्लीत शिरली तर दोन मिनिटांत वळून परत येते. चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर तिथे अडकला की वळायला जागा नसते. वर विजेच्या तारा, बाजूला घरांचे ओटे आणि मागे वाहनांची रांग. अशा वेळी किन्नर खाली उतरून शिट्ट्या मारतो आणि ट्रेलर तासभर मागे-मागे सरकत राहतो.

भारतात मालवाहू ट्रकची कमाल उंची २०२० साली ३.८ मीटरवरून ४ मीटर करण्यात आली. रेल्वेरुळांखालून जाणारे कित्येक भुयारी रस्ते मात्र त्याहून बुटके आहेत. त्यांच्या तोंडाशी लोखंडी आडवी कमान असते. मोटार तिच्याखालून आरामात जाते, ट्रकचा हौदा आदळतो. म्हणून युरोप-अमेरिकेत गार्मिन, टॉमटॉम अशा कंपन्या ट्रकसाठी वेगळी यंत्रे विकतात. त्यांत गाडीची उंची, लांबी आणि वजन आधी भरायचे असते. मग यंत्र बुटका पूल आणि कमजोर रस्ता टाळून वाट काढते. आपल्याकडे ट्रकच्या केबिनमध्ये बहुधा फोनच दिसतो. त्यातला कार्यक्रम निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा : हा माझ्या गाडीची मापे विचारतो का?

आणि मापे खरी भरावीत. कागदोपत्री उंची वेगळी, माल भरून ताडपत्री आणि दोर आवळल्यावरची उंची वेगळी. टेपने एकदा मोजलेली बरी. वजन काट्याच्या पावतीवर असतेच.

निवडताना काय पाहावे

जीपीएसची व्यवस्था १९९५ साली पूर्णपणे कार्यान्वित झाली. आपले स्थान कळण्यासाठी यंत्राला निदान चार उपग्रहांचे संदेश लागतात. त्यासाठी मोबाइलचे नेटवर्क लागत नाही. नेटवर्क लागते ते नकाशा उतरवून घ्यायला आणि पुढची कोंडी कळायला. घाटात नेटवर्क गेले आणि नकाशा फोनमध्ये साठवलेला नसेल, तर पडद्यावर कोऱ्या जागेवर एक निळा ठिपका तेवढा उरतो. म्हणून सगळ्या मार्गाचा नकाशा निघण्यापूर्वीच साठवता येतो का, हे पाहावे. भाताण, माडप, आडोशी, कामशेत या बोगद्यांत उपग्रहाचा संदेशही तुटतो. खंडाळ्याच्या अलीकडे जुना आणि नवा मार्ग अगदी जवळ येतात, काही भागात एकच होतात. तिथे ठिपका या रस्त्यावरून त्या रस्त्यावर उडी मारू शकतो. अशा जागी फाट्यावरचा फलक वाचावा.

दुसरी गोष्ट भाषेची. सूचना मराठीत किंवा हिंदीत, स्वच्छ आणि वळणाच्या पुरेशा आधी ऐकू यायला हवी. भरलेला ट्रक ऐनवेळी वळवता येत नाही. वाहन चालवताना हातातील उपकरण केवळ मार्ग पाहण्यासाठी, तेही लक्ष विचलित न होता वापरण्याची मुभा ऑक्टोबर २०२० पासून नियमांत आहे. फोन काचेजवळ पक्क्या स्टँडवर, नजर फारशी खाली न नेता दिसेल असा असावा. मांडीवरचा फोन सुरक्षित नव्हे.

तिसरी गोष्ट टोलची. बहुतेक नकाशांत ‘टोल टाळा’ अशी सोय असते. पैसे वाचवण्याच्या मोहात ती चालू राहते आणि यंत्र ट्रकला वाडीवस्तीच्या अरुंद रस्त्याने नेते. वाचलेला टोल जादा डिझेलमध्ये आणि एखाद्या साइडपट्टीत रुतलेल्या चाकात निघून जातो.

चौथी गोष्ट ऋतूची. महाडहून भोरकडे जाणारा वरंधा घाट नकाशावर जवळची वाट दिसतो, पण पावसाळ्यात तो अवजड वाहनांना बंद ठेवण्याचे आदेश अनेकदा निघतात. चाळीसगाव आणि छत्रपती संभाजीनगर यांच्यामधील कन्नडच्या घाटात २०२३ साली उच्च न्यायालयाच्या आदेशावरून जड वाहनांना बंदी झाली. असे बदल यंत्रापर्यंत पोहोचायला वेळ लागू शकतो. नकाशा वरचेवर अद्ययावत होतो की नाही, हे म्हणूनच महत्त्वाचे.

कित्येक मालक म्हणतात, ‘आमच्या गाडीत जीपीएस बसवलेले आहे.’ ते बहुधा गाडीचा ठावठिकाणा कळवणारे यंत्र असते. गाडी कुठे आहे, किती वेळ उभी आहे, हे मालकाला दिसते. चालकाला वाट दाखवणे हे त्याचे काम नव्हे. दोन्हींची गल्लत झाली की चालकाला काहीच न देता त्याच्यावर पाळत मात्र राहते.

उतारावरची परीक्षा

घाट चढताना चूक झाली तर गाडी थांबते. खरी परीक्षा परतीच्या उतारावर असते. लोणावळा सोडून मुंबईकडे निघालेला ट्रक खंडाळ्याला येतो. पावसाळ्यात इथे धुके इतके दाट असते की पुढच्या गाडीचे दिवेही विझल्यासारखे वाटतात. यंत्र सांगते : खोपोली इतके मिनिटे. ही मिनिटे मोटारीच्या वेगाची असतील, तर उशीर झाला असे वाटून चालक घाई करतो.

डिझेल वाचवण्यासाठी काहीजण उतारावर गाडी न्यूट्रल करतात. मग इंजिनाचा आवर सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, सतत दाबून ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडतात. बोरघाटातील कित्येक अपघातांमागे हेच कारण आढळले आहे. जुने चालक नव्याला एकच धडा देतात : ज्या गियरमध्ये घाट चढलास, त्याच गियरमध्ये उतर. हा धडा फोन देत नाही. चांगले यंत्र फार तर पुढे तीव्र उतार आहे एवढी सूचना देईल. गियरवरचा हात चालकाचाच.

याच उतारावर अमृतांजन पूल होता. द्रुतगती मार्गाच्या मधोमध त्याचे जुने दगडी खांब उभे होते आणि तिथे वाहने कोंडत. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, तो पाडण्यात आला. रस्ते असे बदलतात. जुना नकाशा आणि जुनी आठवण, दोन्ही तपासून घ्यावी लागतात.

पुष्कळ घरांत हा कार्यक्रम फोनमध्ये घालून देण्याचे काम मुलगा किंवा मुलगी करते. सुट्टीच्या दिवशी बापलेकांनी टेप घेऊन गाडी मोजावी, मापे भरावीत, टोलची सोय तपासावी, नकाशा साठवावा. अर्ध्या तासाचे काम आहे.

खाली खोपोलीला उतरले की हवा एकदम दमट होते. ट्रक धाब्यापुढे बाजूला लागतात. तापलेल्या ब्रेकचा वास अजून चाकांभोवती असतो. चालक तोंडावर पाणी मारतो, चहा मागवतो आणि मग तोच फोन स्टँडवरून काढून घरी लावतो. घाट उतरलो, एवढेच सांगायचे असते. पलीकडे त्याचीच वाट पाहिलेली असते.