मायची माळ

दिवसभर फायलींना दोरे बांधणारा माणूस घरी येऊन पुन्हा दोराच हातात घेतो, याचं आमच्या खात्यात सगळ्यांना हसू येतं. मी कारकून. सुटीच्या दिवशी जुन्या मण्यांच्या माळा गाठवून देतो. पूर्वी हे काम पटवेकरी करायचे. आता सोनाराकडे गेलं की तो म्हणतो, "ठेवून जा, बाहेर पाठवतो." बी.ए.च्या पदवीचा नोकरीत काही उपयोग झाला नाही. पण जुनी वस्तू हातात आली की ती कुठून आली असेल, हे विचारायची खोड मात्र तिनेच लावली.

माळ तुटते ती बहुधा मण्यामुळे नाही, दोऱ्यामुळे. सुती दोरा घामाने कुजतो आणि काचेच्या मण्याच्या भोकाची धार त्याला हळूहळू कातरते. म्हणून आधी मण्यांचा क्रम कागदावर उतरवून घ्यायचा, खाली टॉवेल अंथरायचा म्हणजे मणी घरंगळत नाहीत, नव्या दोऱ्याला मेण लावायचं आणि मगच जुना दोरा कापायचा. घासून-पुसून मणी चकचकीत करायचा मोह टाळावा. जुनेपण गेलं की मागे नुसती काच उरते.

माझी धाकटी बहीण आदिलाबादला दिली आहे. तेलंगणातलं गाव, पण बाजारात मराठी सर्रास कानावर पडते. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. १९५६च्या भाषावार पुनर्रचनेत याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके आपल्याकडे मुंबई राज्यात आले. सीमा सरकली, माणसं आणि त्यांची भाषा होती तिथेच राहिली. आम्हा गोवेकरांना हे वेगळं सांगायला नको!

तीन वर्षांपूर्वी बहिणीबरोबर केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला गेलो होतो. पौष अमावास्येला भरणारी ही गोंडांची मोठी जत्रा. मेश्राम कुळाची माणसं गोदावरीचं पाणी पायी चालत आणतात आणि कुळात आलेल्या नव्या सुनांची देवाशी 'भेटिंग' होते. जत्रेत मण्यांची दुकानं पाहून माझे पाय तिथेच अडकले. मण्यांची मुशाफिरी मोठी आहे. पुद्दुचेरीजवळच्या अरिकामेडूला दोन हजार वर्षांपूर्वी काचेची नळी ओढून, तिचे तुकडे पाडून मणी करत. तीच रीत आंध्रातल्या पापानायडूपेटच्या कारागिरांनी विसाव्या शतकापर्यंत चालवली.

दुसऱ्या दिवशी बहिणीच्या ओळखीची एक म्हातारी तुटकी माळ घेऊन आली. ती परधान समाजाची. परधान म्हणजे किकरी वाजवून गोंडांच्या कुळकथा गाणारे. त्यांची बोली मराठीच. लाल-पांढऱ्या काचमण्यांची पाच पदरी माळ होती, त्यातले काही मणी हरवलेले. जत्रेतून आणलेले लाल मणी मापाला जुळत होते, पण रंगाने भडक दिसत. मी विचारात पडलेला पाहून ती म्हणाली, "नवे मानेमागं टाक भाऊ, केसाखाली. जुने समोर राहू दे."

माळ गळ्यात घालताना तिचं कपाळ कोरं दिसलं. माझी नजर तिला कळली असावी. "माह्या मायची माळ हाय," ती म्हणाली, "नवऱ्याची नाई."

माझे वडील २००९ साली गेले. त्या दिवशी वाड्यावरच्या एका बाईने आईच्या गळ्यातला सर ओढला आणि काळे मणी चौकभर उडाले. बहिणीने वेचून ते पावडरच्या डब्यात ठेवले. पुढे २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव करून ही कुंकू पुसण्याची, मंगळसूत्र तोडण्याची प्रथा बंद केली. पेपरातली ती बातमी आईने दोनदा वाचली. बोलली मात्र काही नाही.

आदिलाबादहून परतल्यावर मी आईला म्हाताऱ्या बाईचं वाक्य सांगितलं. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी एक माहेरची असते, हे आपल्याला ठाऊकच आहे. आई उठली, डबा घेऊन आली आणि एक वाटी काढून माझ्यापुढे ठेवली. "ही माझ्या घरची. हिच्यासकट ओव."

एकही नवा मणी मी घातला नाही. सापडले तेवढेच ओवले, त्यामुळे सर आखूड झाला, गळ्याशी बसला. आई तो घरात घालायची आणि कोणी आलं की पदर ओढून घ्यायची.

गेल्या चवथीला आत्या आली. तीही विधवा. त्या दिवशी आईने पदर ओढला नाही. आत्याने पाहिलं आणि पाटावर बसली. जेवण होईपर्यंत दोघी पातोळ्यांविषयीच बोलत होत्या. निघताना आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "माझेही डबीत आहेत रे. थोडेच उरलेत. पुरतील?"

म्हटलं, "घेऊन ये. जितके असतील तितके पुरतील."